ताग्यांवरची तिकिटे विकण्याआधी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) :

"आजेसासऱ्यांपासून चालत आलेले आमचे अमळनेरला कापडाचे दुकान होते. सासरे गेल्यानंतर ते बंद झाले. यंदा गाळा भाड्याने द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा एका लोखंडी पेटीत ताग्यांवर लावायची रंगीत तिकिटे सापडली. काही एका जाड रजिस्टरमध्ये चिकटवलेली आहेत, काही सुटी आहेत; मिळून सहाशेच्या आसपास भरतील. त्याशिवाय जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी, खाली दुकानाचे नाव असलेले लक्ष्मीचे एक मोठे चित्र, अमळनेरच्याच कारखान्याच्या वनस्पती तुपाची कागदी जाहिरात, सिगारेटच्या पाकिटात मिळत असत तशी थोडी चित्रे, दोन इनॅमलच्या पाट्या आणि मोडी व देवनागरीतल्या हिशेबाच्या चोपड्या आहेत. मुंबईहून आलेल्या एका व्यापाऱ्याने, सगळे ब्रिटिश काळातले आहे असे सांगून, चोपड्या सोडून बाकी सर्वाचे ४५,००० रुपये देऊ केले आणि दोन आठवड्यांत उत्तर मागितले. धाकटे दीर विकावे म्हणतात. माझ्या मुलाला निवडक तिकिटे लॅमिनेट करून भिंतीवर लावायची आहेत. दोन्ही नणंदांना अजून कळवलेले नाही, आणि सासूबाई काहीच बोलत नाहीत. हे खरोखर जुने आहे का, त्याची किंमत किती आणि आम्ही काय करावे?"

— एक वाचक, अमळनेर

सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन प्रश्नांतला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याला मुदत लागलेली आहे. व्यापाऱ्याला दोन आठवड्यांत होकार देऊ नये, मुलाने एकही तिकीट लॅमिनेट करू नये आणि पेटीतली कोणतीही वस्तू दुसरीपासून वेगळी होण्यापूर्वी सगळ्याची यादी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण आपल्याच पत्रात ओझरते आले आहे : व्यापाऱ्याने चोपड्या सोडून बाकी सारे मागितले. सुटे तिकीट हातात आले तर एक सुंदर चित्र दिसते, आणि तेवढेच. तेच तिकीट ज्या दुकानात आले त्या दुकानाची खतावणी शेजारी असेल, तर तो माल कोणत्या अडत्याकडून, कोणत्या साली, काय भावाने अमळनेरला आला आणि पंचक्रोशीतल्या कोणत्या गावच्या गिऱ्हाइकाच्या नावे उधार मांडला गेला, इथपर्यंत सांगता येण्याची शक्यता असते. तिकिटे पुष्कळांकडे आहेत आणि जुन्या चोपड्याही पुष्कळांकडे आहेत. एकाच दुकानाच्या दोन्ही वस्तू एका पेटीत राहिल्या आहेत, हे मात्र क्वचित घडते. चोपड्यांना बाजारात गिऱ्हाईक नसल्यामुळे त्या मागे राहतात, आणि पेटी गेल्यावर वर्षभरात रद्दीत जातात.

ही तिकिटे मुळात काय होती, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असले तर निर्णय सोपा होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत मँचेस्टर व ग्लासगोकडून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ताग्यावर दर्शनी बाजूला असे रंगीत लेबल चिकटवलेले असे; व्यापारी त्याला तिकीट, टिका किंवा छाप म्हणत. माल बनवणारा विलायतेत, दलाल मुंबईत, दुकानदार खानदेशात आणि विकत घेणारा बहुधा निरक्षर, अशा व्यवहारात नावापेक्षा चित्र अधिक उपयोगाचे होते. गिऱ्हाइकाला गिरणीचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. मागच्या खेपेला ज्यावर वाघ होता तेच मांजरपाट द्या, असे तो सांगे आणि दुकानदाराला ते कळे. त्यामुळे चित्र हीच व्यापारी खूण ठरली आणि तिच्या नकलेवरून तंटे होऊ लागले. ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्याने व्यापारी खुणांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा कापडावरच्या खुणांची गर्दी एवढी होती की त्यांच्यासाठी मँचेस्टरला स्वतंत्र व्यवस्था करावी लागली.

छपाई होत असे ती शिळाछापाने. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत सेनेफेल्डरने शोधलेल्या या पद्धतीत पुढे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड घेऊन एकावर एक ठसे देण्याचे तंत्र आले, आणि चांगल्या तिकिटाला दहा-बारा रंग सहज लागत. सोनेरी भाग बहुधा पितळेच्या भुकटीचा असतो. तो बोटाने चोळला तर बोटाला लागतो, म्हणून तिकिटे हाताळताना तेवढा भाग टाळावा. चित्रकार विलायतेत बसून देवादिक, राजे, हत्ती, नर्तकी आणि आगगाड्या काढीत असत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी हा देश पाहिलेला नसावा. तेव्हा एखाद्या देवाचे आयुध भलत्या हातात दिसले किंवा नऊवारीच्या निऱ्या विचित्र दिसल्या, तर तेवढ्यावरून तिकीट नकली ठरवू नये. उलट तसे चुकलेले देव मला तरी अधिक खरे वाटतात.

देशी गिरण्यांनीही हीच रीत उचलली. आपल्या भागात जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल यांचा माल गावोगाव जात होता. १९०५ च्या स्वदेशी चळवळीनंतर देशी मालाच्या तिकिटांवर भारतमाता आली, पुढे चरखा आला. आपल्या पेटीत अशा खानदेशी गिरण्यांची किंवा स्थानिक व्यापाऱ्यांनी स्वतःच्या नावाने छापून घेतलेली तिकिटे असतील, तर माझ्या दृष्टीने तीच पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू आहे. मँचेस्टरची तिकिटे देशभरच्या बाजारपेठांत गेली, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये त्यांचे नमुने राहिले, आणि बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीसारख्या संस्थेने त्यांचा मोठा संग्रह केला आहे. अमळनेरच्या गल्लीतल्या दुकानदाराने थोड्या प्रतींत छापून घेतलेले तिकीट जपायला दुसरे कोणी नव्हते. बाजारात मात्र नेमके उलट घडते : मुंबईच्या व्यापाऱ्याला झगझगीत विलायती मोर हवा असतो आणि साधे दोनरंगी गावठी तिकीट तो ढिगात टाकतो.

आता जुनेपणाकडे वळू. सगळेच ब्रिटिश काळातले आहे हे व्यापाऱ्याचे म्हणणे सरसकट स्वीकारू नये, आणि त्यासाठी तज्ज्ञाची वाटही पाहू नये. बहुतेक छापील कागद आपले वय कडेच्या बारीक मजकुरात सांगून जातात. लोक चित्र पाहतात आणि तो मजकूर वाचत नाहीत. किंमत रुपये, आणे, पै अशी असेल तर कागद साधारणपणे १ एप्रिल १९५७ पूर्वीचा धरावा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असे छापले असेल तर तो १९५७ ते १९६४ या काळातला आहे, कारण १९६४ मध्ये त्यातला 'नया' गेला आणि नुसता पैसा उरला. कापडाची लांबी यार्डात दिली आहे की मीटरमध्ये, हेही पाहावे. दशमान मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तेव्हा मीटरचा उल्लेख असलेले तिकीट त्याच्या आधीचे असणार नाही. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, मग चित्र कितीही जुन्या वळणाचे असो. रेल्वेचा उल्लेख 'जी. आय. पी.' किंवा 'बी. बी. अँड सी. आय.' असा असेल तर तो १९५१ पर्यंतचा धरायला हरकत नाही, कारण त्या वर्षी मध्य आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या.

आपल्या भागापुरती याहून नेमकी एक खूण आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. म्हणून एखाद्या बिलावर, कॅलेंडरावर किंवा तिकिटावर 'अमळनेर, जि. पूर्व खानदेश' असा पत्ता असेल, तर तो कागद या चोपन्न वर्षांच्या आतला आहे, आणि त्यावर आण्यांतली किंमत असेल तर ती मर्यादा आणखी आवळता येते. नुसते 'जि. खानदेश' असलेला कागद १९०६ पूर्वीचा असू शकतो, परंतु जुन्या सवयीने जिल्ह्याचे जुने नाव लिहिणारे पुष्कळ असतात. त्या एकाच खुणेवर विसंबू नये. शक्य तेथे दोन खुणा जुळवाव्यात. आणि सगळ्यांत चांगली खूण आपल्या चोपड्यांत आहे, कारण त्यांच्यावर संवत किंवा शक घातलेला असणार.

वनस्पती तुपाच्या जाहिरातीचे उदाहरण घेऊ. अमळनेरला ज्या कारखान्याने हे तूप काढले ती वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झाली. तिचीच पुढे विप्रो झाली. सनफ्लॉवर हे तिच्या वनस्पतीचे नाव आणि ७८७ हे तिच्या धुण्याच्या साबणाचे. आपली जाहिरात याच कंपनीची असेल, तर ती फार तर ब्रिटिश अमदानीच्या अखेरच्या दीड-पावणेदोन वर्षांतली असेल, आणि स्वातंत्र्यानंतरची असण्याचाच संभव अधिक. त्यामुळे तिचे मोल घटत नाही. ज्या गावात ती वस्तू बनली त्याच गावच्या दुकानात तिची कागदी जाहिरात शिल्लक राहावी, याची किंमत ती दहा वर्षे अलीकडची निघाल्याने कमी होत नसते. चुकीचे वय सांगून विकलेली वस्तू मात्र पुढे वादाचे कारण होते.

खरे-खोटे तपासायला दोन साधने पुरतात. घड्याळजीकडे असते तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन रंगाच्या भागाकडे पाहावे. शिळाछापात रंग सपाट किंवा हाताने टाकलेल्या अनियमित ठिपक्यांचा दिसतो, आणि एका रंगाची कड दुसऱ्यावर थोडी सरकलेलीही दिसते. आजच्या ऑफसेट नकलेत सारखे, रांगेतले, फुलासारखी नक्षी करणारे बारीक ठिपके सगळीकडे दिसतात. सरळ रांगांतले ठिपके छायाचित्रावरून केलेल्या जुन्या छपाईतही असतात, म्हणून हा पुरावा तिकिटांना लावावा, छायाचित्र असलेल्या जाहिरातींना नाही. दुसरे साधन म्हणजे दुकानांत नोटा तपासायला ठेवतात तो जांभळा दिवा. १९५० च्या आसपासपासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी चकाकी आणणारी द्रव्ये घालू लागले ती या दिव्याखाली निळसर उजळतात. अंधाऱ्या खोलीत ज्या तिकिटाचा कागद असा उजळला ते एकोणिसाव्या शतकातले नाही, हे निश्चित समजावे. न उजळल्यास ते जुनेच आहे असे मात्र सिद्ध होत नाही. आपली पेटी माळ्यावरून निघाली आहे, बाजारातून आणलेली नाही, त्यामुळे मुद्दाम बनवलेली नक्कल तिच्यात असण्याचा संभव मला कमी वाटतो. हा खटाटोप मुख्यतः पुढे विकत घेणाऱ्याच्या शंकांना उत्तर देता यावे म्हणून आहे.

लक्ष्मीच्या चित्राविषयी घरात फार मोठ्या अपेक्षा धरू नयेत. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि त्यानंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत प्रती इतक्या प्रमाणात निघाल्या की आजही जुन्या वाड्यांच्या देवघरांत त्या सापडतात. त्यांच्या नकलाही इतर छापखान्यांनी भरपूर काढल्या. खालच्या कडेला छापखान्याचे नाव आणि गाव वाचावे. आपल्या चित्राचे वेगळेपण हे की त्याच्याखाली आपल्या दुकानाचे नाव आहे. म्हणजे ते दिवाळी-पाडव्याला गिऱ्हाइकांना वाटलेले जाहिरातीचे चित्र आहे, आणि जाहिरातींचा संग्राहक नाव असलेल्या प्रतीला नुसत्या प्रतीपेक्षा अधिक मान देतो. ते नाव कापून चित्र फ्रेम करण्याची सूचना कोणी केली तर ऐकू नये. कॅलेंडरांत रघुवीर मुळगावकर किंवा दीनानाथ दलाल यांची सही असलेली चित्रे असतील तर तेवढी वेगळी नोंदवावीत. त्यांना मराठी संग्राहकांत कायम मागणी आहे.

सिगारेटच्या चित्रांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो भाग पेटीत लहान आहे. मालाबरोबर रंगीत चित्रकार्ड फुकट देण्याची युक्ती युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर फोफावली. पॅरिसचे बों मार्शे हे दुकान मुलांना अशी कार्डे वाटे. लीबिग या मांसार्क बनवणाऱ्या कंपनीने १८७० च्या दशकापासून जवळजवळ शंभर वर्षे त्यांच्या मालिका काढल्या. सिंगर शिलाई मशीनच्या कंपनीने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने देशोदेशींच्या पोशाखांची कार्डे छापली, आणि त्या सगळ्यांत मशीनही दाखवले. सिगारेटच्या पाकिटातले कार्ड आधी पाकीट चेपू नये म्हणून घातलेला जाड कागद होते, मग त्यावर चित्रे आली. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या कागदटंचाईने १९४० मध्ये ती थांबली. विल्स कंपनीच्या 'सिझर्स' सिगारेटची कार्डे हिंदुस्थानात, मुख्यतः इथल्या गोऱ्या फौजेत खपणाऱ्या पाकिटांतून मिळत. आपल्याकडच्या कार्डांची पाठ वाचावी : मालिकेचे नाव आणि अनुक्रमांक तिथेच असतो, आणि पूर्ण मालिकेला सुट्या कार्डांपेक्षा बरीच जास्त किंमत येते. इंटरनेटवर आपल्या मुलाला होनस वॅग्नर या अमेरिकी बेसबॉल खेळाडूचे, १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या मालिकेतले कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकले गेल्याची बातमी दिसेल. ती खरी आहे, आणि आपल्या पेटीशी तिचा काहीही संबंध नाही.

किंमत न पाहता सांगणे बेजबाबदारपणाचे होईल, तरी ४५,००० या आकड्याचा हिशेब आपण स्वतः करू शकता. लक्ष्मी, पाट्या, कॅलेंडरे आणि जाहिरात फुकट धरली तरी सहाशे तिकिटांना मिळून हा आकडा म्हणजे तिकिटामागे पंचाहत्तर रुपये होतो. व्यापारी हा सौदा त्यातल्या बहुधा चाळीस-पन्नास वस्तूंसाठी करत असतो. बाकीचा माल त्याला तसाच हवा असतो किंवा नकोही असतो. त्यात गैर काही नाही, तो त्याचा धंदा आहे, पण कोणत्या वस्तूंसाठी तो आला हे आपल्याला कळल्याशिवाय भाव ठरू नये. इंटरनेटवरचे आकडे पाहताना विकणाऱ्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष झालेली विक्री यांत फरक करावा. मागितलेल्या किमती वर्षानुवर्षे तशाच लटकलेल्या असतात. कडा शाबूत असणे, रंग न उडणे, पाठीमागे डिंक किंवा दुसऱ्या कागदाचा तुकडा नसणे आणि विषय, म्हणजे देव, आगगाडी, विमान, राष्ट्रपुरुष, यांवर भाव पुष्कळ हलतो. परदेशी गिऱ्हाईक मिळाले तर कायदा ध्यानात ठेवावा : १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि ऐतिहासिक मोलाचे कागदपत्र असतील तर पंचाहत्तर वर्षांहून जुनेही, खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तिकीट या व्याख्येत बसते की नाही हे पुरातत्त्व खात्याकडून लेखी कळल्याशिवाय कोणतेही पार्सल परदेशी जाऊ देऊ नये.

आता घरातला प्रश्न, ज्याचा आपण सर्वांत कमी उल्लेख केला आहे आणि जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुकान सासऱ्यांचे होते आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या मालमत्तेवर मुलांइतकाच मुलींचा आणि सासूबाईंचा हक्क आहे. पेटी ही त्या मालमत्तेचाच भाग आहे. दोन्ही नणंदांना न कळवता आपले यजमान आणि दीर यांनी सौदा केला, तर रक्कम लहान असूनही मनात राहणारी गोष्ट मोठी असेल. त्यांना आजच फोन करावा, आणि सौद्याविषयी सांगण्याआधी पेटीत काय सापडले ते सांगावे. सासूबाई बोलत नाहीत असे आपण लिहिता. कदाचित त्यांना कोणी विचारले ते फक्त विकावे की न विकावे एवढेच असेल. यादी करताना त्यांना शेजारी बसवावे आणि प्रत्येक तिकीट दाखवून हा माल आठवतो का, कोण घेई, लग्नसराईत कोणत्या छापाला मागणी असे, अडत्या कोण येई, एवढेच विचारावे. मुलाने मोबाइलवर त्यांचा आवाज नोंदवावा. कोणत्याही संग्रहालयाकडे नसलेली माहिती त्यांच्याजवळ असण्याचा संभव आहे, आणि तिला चोपड्यांचा आधार मिळाला तर ती केवळ आठवण राहणार नाही.

दिरांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. विकण्यासारखे पेटीत बरेच आहे. सहाशे तिकिटांत एकाच छापाच्या अनेक प्रती असणारच, कारण गिरणीकडून किंवा छापखान्याकडून ती गठ्ठ्याने येत. प्रत्येक छापाच्या उत्तम दोन प्रती, रजिस्टर पूर्ण, चोपड्या पूर्ण आणि दुकानाचे नाव असलेला प्रत्येक कागद घरात ठेवावा. उरलेल्या दुबार प्रती यादी करून नगावर विकाव्यात आणि रक्कम सर्व वारसांत वाटावी. रजिस्टर मात्र फोडू नये. त्यातली तिकिटे ज्या क्रमाने चिकटवली आहेत तो क्रम आजेसासऱ्यांनी किंवा त्यांच्या मुनिमाने कशासाठी तरी लावलेला आहे, आणि शेजारी मालाचा नंबर किंवा भाव लिहिलेला असेल तर तो शब्दही तिकिटाइतकाच जपण्यासारखा आहे. व्यापारी पान पाण्यात भिजवून तिकीट सोडवतात. खळीने चिकटवलेले तिकीट सुटते, पण सोनेरी रंग आणि लिखाण दोन्ही जातात.

यादीसाठी मोठी विद्या लागत नाही. सुट्या तिकिटांच्या पाकिटावर, तिकिटावर कधीही नाही, शिसपेन्सिलीने क्रमांक घालावा, पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा, आणि वहीत चित्र, मजकूर, छापखाना, मोजमाप व पेटीत ते कशाबरोबर होते हे लिहावे. शेवटची नोंद लोक विसरतात. रोज पंचवीस तिकिटे केली तरी महिन्याभरात काम संपेल.

जपणुकीच्या बाबतीत खानदेशचे हवामान दोन्ही बाजूंनी त्रास देते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालचा माळा इतका तापतो की कागद कोरडा पडून कडा तुटतात. पावसाळ्यात तोच कागद ओल धरतो, डिंक लावलेल्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि खळ व डिंकाच्या वासाने कसर लागते. म्हणून पेटी माळ्यावर परत जाऊ नये. घरातल्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून हातभर उंच लाकडी कपाटात ठेवावी. लॅमिनेशनमध्ये तापवलेले प्लास्टिक कागदात कायमचे बसते आणि ते सोडवण्याचा उपाय नाही. त्याच कारणाने चिकट पानांचे अल्बम, सेलोटेप आणि फेव्हिकॉल वर्ज्य समजावेत. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे खिसे पीव्हीसीचे असतात आणि काही वर्षांत छपाईला चिकटतात. आम्लरहित कागदाची पाकिटे किंवा पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे मागवून घ्यावेत. गुंडाळलेली कॅलेंडरे ताणून उलगडू नयेत. पावसाळी दमट दिवसांत ती थोडी सैल होतात, तेव्हा दोन स्वच्छ कागदांमध्ये हळूहळू सपाट करून वर वजन ठेवावे. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत. मुलाची भिंतीवर लावण्याची हौस पुरवायला उत्तम मार्ग म्हणजे चांगल्या स्कॅनवरून मोठी प्रत छापून ती लावणे. मूळ तिकीट उन्हाच्या खोलीत पाच वर्षांत फिके पडेल, प्रत फिकी पडली तर दुसरी काढता येईल. त्या प्रती विकण्याचा विचार आला तर मात्र थांबावे, कारण काही जुन्या छापांची आणि नावांची मालकी आजही कोणा ना कोणा कंपनीकडे असते.

चोपड्या वाचून घेण्यासाठी धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात जावे. अमळनेरहून ते दूर नाही, आणि खानदेशच्या जुन्या कागदांची कदर तिथे आहे. जळगावच्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनाही कळवता येईल. एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी याहून चांगला विषय सहज मिळणार नाही. कोणालाही काही पाहायला दिले तर दोन प्रतींत पोच घ्यावी, तीत वस्तूंचे क्रमांक असावेत आणि परत करण्याची तारीख असावी. घरात पुढच्या पिढीला सांभाळणे जमणार नाही असे वाटले, तर संस्थेला देणगी देताना 'पेटी एकत्र ठेवावी' ही अट लेखी घालून घ्यावी.

इनॅमलच्या पाट्या या सगळ्यांपासून वेगळ्या धरता येतील. त्यांचा चोपड्यांशी तितका संबंध नाही आणि त्यांना सध्या हॉटेलवाले व घर सजवणारे बरी किंमत देतात. लोखंडी पत्र्यावर काचेचा मुलामा भाजून बसवलेली खरी पाटी जड असते, बोट फिरवले तर एका रंगाची कड दुसऱ्यावर किंचित उंच लागते, आणि जिथे टवका उडाला आहे तिथे काचेसारखी धार व खाली काळपट लोखंड दिसते. ती घासू नये, तेल लावू नये, गंज काढू नये. ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. पैशांची निकड असेल तर आधी या पाट्या आणि मग दुबार तिकिटे विकावीत.

मुंबईच्या व्यापाऱ्याला नम्रपणे कळवावे की यादी पूर्ण झाल्यावर ती त्यांना पाठवली जाईल आणि त्यांनी प्रत्येक नगापुढे आपला भाव लिहून द्यावा. त्यांना खरोखर रस असेल तर महिन्याने ते पुन्हा येतील. त्यांच्याकडून बयाणा म्हणून काही रक्कम कोणी घेऊन ठेवली असेल, तर ती याच आठवड्यात, पावती घेऊन, परत करावी.